तिसऱ्या मजल्यावरचं कॉलेज: निवड कुणाची, मुलीची की आमची?

सुदामानगरकर

मुलगी यंदा बारावी झाली. सीबीएसई, कॉमर्स, ७८ टक्के. बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, करायचं हे तिचं अकरावीतच ठरलं होतं. सीयूईटी ही प्रवेश परीक्षा दिली, पण इथल्या, इंदूरच्या, देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या स्वतःच्या विभागांत नंबर लागेल एवढे गुण पडले नाहीत. उरली खासगी कॉलेजं, तीही छोटी. त्यांचे फोन निकालाच्या आधीपासून सुरू झाले होते. नंबर कुठून मिळतो हे विचारायचं मी सोडून दिलंय.

चाळून चाळून तीन राहिली. नावं लिहीत नाही. एक बायपासवरचं, काचेची इमारत, स्वतःच युनिव्हर्सिटी, वर्षाला १ लाख १० हजार आणि बसचे वेगळे. दुसरं खंडवा रोडवरचं, देवी अहिल्येला संलग्न, ४२ हजार, नॅकचं, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र फ्रेम करून रिसेप्शनला लावलेलं. तिसरं गावातलं, तेही देवी अहिल्येला संलग्न, २८ हजार. खाली टायरचं दुकान, मधल्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब, तिसऱ्यावर कॉलेज.

तिन्हीकडे आम्ही न कळवता, साध्या कामाच्या दिवशी गेलो. बायपासवर काउन्सलर मॅडमनी कॉफी पाजली, स्विमिंग टँक दाखवला (पाणी नव्हतं), आणि वर्ग चालू असलेली एकही खोली दाखवली नाही. खंडवा रोडच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर चाळीस, प्रत्येकावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. मुलगी बाथरूमला जाऊन आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, एकाही दाराला कडी नाहीये." प्रॉस्पेक्टसमध्ये हे कुठे छापतात?

गावातल्या कॉलेजचा जिना चढतानाच मी मनातून नाही म्हणून टाकलं होतं. वर एक सर नऊ मुलांना शिकवत होते. मुलीनं दारातूनच विचारलं, "सर, बसू का?" ते म्हणाले, "बस, पण मधेच उठायचं नाही." पाऊण तास मी बाहेरच्या बाकावर, खालच्या दुकानातली हवा भरायची फुसफुस ऐकत. ती बाहेर आली तेव्हा वहीच्या मागच्या पानावर चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. लिंक्ड लिस्ट म्हणे. घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून मला समजावत होती. मला ओ की ठो कळलं नाही, पण तीन कॉलेजांत मिळून शिकणं-शिकवणं दिसलं ते तेवढंच.

तिला तेच कॉलेज हवंय. माझं म्हणणं, आईबापांनी दोनच कामं करावीत: पैसे किती घालू शकतो ते सांगावं आणि कागद तपासावेत. बाकी तिचं ती बघेल. घरात या मताचा मी एकटा. बायको म्हणते, "कुणी विचारलं तर काय सांगू, टायरच्या दुकानावर शिकते?" मेहुण्यांनी बायपासवाल्यांना परस्पर फोनसुद्धा करून ठेवलाय. तुमचं काय म्हणणं?

जुना_होळकरी

खासगीच्या फंदात पडताच कशाला? होळकर सायन्स कॉलेज १८९१ सालचं आहे, सरकारी आहे, स्वायत्त आहे. फी ऐकलीत तर रडू येईल, आनंदानं. तिथं बीएस्सी कॉम्प्युटर घ्या.

या छोट्या खासगी कॉलेजांचं काय होतं ते आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंगमध्ये बघितलंच की. हायकोर्टाला सीबीआयकडून कॉलेजं तपासून घ्यावी लागली, आणि मे २०२४मध्ये तपास करणारेच लाच प्रकरणात आत गेले. तुम्ही कागद तपासणार म्हणता. कुणाचे कागद, भिया?

सुदामानगरकर

काका, तिचं कॉमर्स आहे, गणितसुद्धा घेतलं नव्हतं. बीएस्सी कसं मिळणार? आणि कागदांचा भरवसा नाही म्हणता, मग जाऊन बघण्याला अर्थ आला, असं तुमच्याच बोलण्यातून निघतं.

मावशी_लोकमान्यनगर

तुमच्या मिसेसचं बरोबर आहे. लोक काय म्हणतील हा भाग सोडा, ते त्यांनी रागात म्हटलं असेल. पण सतरा वर्षांच्या मुलीनं पाऊण तासाच्या एका तासावरून तीन वर्षं ठरवायची? आपण कांदे घेताना पोतं उलटं करून बघतो. तो तास त्या दिवशी चांगला झाला. दुसऱ्या दिवशीचा कुणी बघितला?

माझ्या थोरल्यानं असंच स्वतः निवडलं होतं. आवडलं काय, तर कॅन्टीनचा समोसा आणि गिटार वाजवणारा एक सीनियर. गिटारवाला पहिल्याच वर्षी पास होऊन गेला. पुढची दोन वर्षं मी रोज सकाळी त्याला ढकलून पाठवलं. पैसे आपले, जबाबदारी आपली, तर निवडही आपली. मुलांना विचारावं जरूर. विचारणं वेगळं आणि सोपवणं वेगळं.

खडू_डस्टर

मी अशाच एका खासगी कॉलेजात बारा वर्षं शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोकरी ठेवायची आहे, तेव्हा कुठलं ते विचारू नका.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. संलग्न कॉलेजचा अभ्यासक्रम, पेपर आणि डिग्री सगळं विश्वविद्यालयाचं. म्हणजे खंडवा रोड काय आणि टायरचं दुकान काय, डिग्रीवर नाव देवी अहिल्येचंच. फरक पडतो तो शिकवणारा कोण, शेजारी बसणारा कोण आणि जाण्यायेण्यात किती वेळ जातो यात. बायपासवालं स्वतःच युनिव्हर्सिटी असेल तर पेपर तेच काढणार, तपासणार तेच आणि डिग्रीही तेच देणार. ते वाईटच असतं असं नाही, पण मग त्या नावाला बाजारात किंमत काय, ते तुम्हाला वेगळं शोधावं लागेल. संलग्न कॉलेजात निदान पेपर बाहेरून येतो.

आता त्या नऊ मुलांच्या सरांबद्दल. वाचून बरं वाटलं, आणि काळजीही वाटली. छोटं कॉलेज बहुतेक एका माणसावर उभं असतं. तो माणूस दिवाळीनंतर दुसरीकडे गेला तर तुमच्या मुलीनं निवडलेलं कॉलेजच शिल्लक राहत नाही. मी स्वतः असा दोनदा "गेलेला" आहे, तेव्हा कुणाला दोष देत नाही. तासाला मोजून पैसे मिळत असतील तर माणूस जाणारच.

म्हणून ऑफिसात जाऊन विचारा: कोड २८खाली नेमलेले प्राध्यापक किती? ही विश्वविद्यालयाच्या परिनियमातली रीतसर नेमणूक, निवड समिती बसवून केलेली. बाकीचे सगळे आज आहेत, उद्या नाहीत. वेबसाइटवरच्या यादीवर जाऊ नका. त्या यादीत माझं नाव मी सोडलेल्या कॉलेजात अजून आहे, फोटोसकट. तेव्हा केस होते.

दुसरं, बीबीए-बीसीएसुद्धा २०२४-२५पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, मान्यतेखाली आले आहेत. मान्यता आहे की नाही आणि जागा किती, ते एआयसीटीईच्या साइटवर बघा, कॉलेजच्या माहितीपत्रकात नको. आणि नॅकच्या त्या फ्रेमवर तारीख कुठली होती?

सुदामानगरकर

तारीख फुलदाणीच्या मागे होती. मुलीनं फुलदाणी सरकवून बघितली: २०१८.

खडू_डस्टर

ग्रेड साधारण पाच वर्षांची असते. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

आकडेवाला

नॅकचं काय घेऊन बसलात. फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्याच लोकांना लाचेच्या प्रकरणात अटक केली. ग्रेड बघा, पण देव्हाऱ्यात ठेवू नका.

गीता भवन चौराह्यावर जी होर्डिंग लागलीत, "सर्वोच्च पॅकेज" अमुक लाख, ती वाचताना मला नेहमी हसू येतं. समजा साठ मुलं आहेत. एकाला १२ लाखांची नोकरी लागली, एकोणीस जणांना अडीच-अडीच लाखांची, आणि चाळीस घरी बसले. होर्डिंगवर १२ येणार. नोकरी लागलेल्यांची सरासरी काढली तर तीन लाखांच्या थोडी खालीच येते, कारण तो एक सगळ्यांना वर ओढतो. मधला आकडा, म्हणजे मध्यक, अडीच. आणि साठातून ओळीनं उभं करून मधला मुलगा बघितला तर शून्य! तुमची मुलगी त्या मधल्या मुलाच्या जवळपास असण्याची शक्यता जास्त, रागावू नका.

जी कॉलेजं एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेजांच्या क्रमवारीत, भाग घेतात, त्यांना भरलेली माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, असा तक्ता असतो. छोटी कॉलेजं त्यात उतरतच नाहीत. मग काय करायचं? गेल्या वर्षी पास झालेल्या चार मुलांचे नंबर मागायचे. दिले तर बोला. नाही दिले तर तेही एक उत्तरच.

तरी माझं मत विचाराल तर बायपासवालं घ्या. तिथे निदान कंपन्या दारापर्यंत येतात. टायरच्या दुकानावर कोण येणार, पंक्चरवाला?

पुणे_रिटर्न

पुण्याला पाठवा. विषय संपला.

मावशी_लोकमान्यनगर

अरे बाबा, इंदौरच्या मराठी घरात कुठलाही प्रश्न निघाला की कुणीतरी पुणं काढतंच. खोली, मेस, दिवाळी-होळीचं येणंजाणं धरलंस तर बायपासवालं स्वस्त पडेल. आणि तिथं तरी छोटी खासगी कॉलेजं काय कमी आहेत? इथला प्रश्न तिथं नेऊन ठेवायचा, वर भाडं द्यायचं.

पुणे_रिटर्न

एक्सपोजर मिळतं, मावशी.

मावशी_लोकमान्यनगर

तू परत का आलास मग?

बडोद्याची_सून

माहेर इंदूरचं, रामबागेतलं, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९पासूनचं, आणि त्याच्या फॅकल्ट्या त्याच्याच. संलग्न कॉलेजांचं जंगल तिथं नाही, त्यामुळे माझ्या मुलाच्या वेळी निम्मा घोळ वाचला. नंबर लागला तर लागला. पण ज्यांचा नाही लागला ती मुलं वाघोडिया रोडच्या बाजूला खासगीतच गेली, आणि त्यांच्या आया अगदी हेच प्रश्न विचारत होत्या. बस किती वाजता निघते हे आधी विचारा, एवढंच सांगते. सकाळी सातची बस म्हणजे मुलगी सहाला डबा घेऊन तयार, आणि संध्याकाळी येते ती झोपायलाच.

सेकंड_इयर

नमस्कार काका. मी स्वतः बीसीएला आहे, इंदूरमध्येच. इथे सगळे मोठे बोलतायत म्हणून लिहितो.

मी स्वतः निवडलं होतं. बाबा तुमच्यासारखेच, म्हणाले तुझं तू ठरव. मी ठरवलं मित्र जातोय तिथं. मित्राला ऑगस्टमध्ये दुसरीकडे नंबर लागला, तो सीट सोडून गेला. मी तिथंच. ऑफिसवाल्यांनी माझी बारावीची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली होती, त्यामुळे मलाही निघायचं होतं तरी निघता आलं नाही, किंवा मला तसं वाटलं. नंतर कळलं की ओरिजिनल ठेवून घ्यायचा त्यांना अधिकारच नाही. २०१८चा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आहे. बघून झाली की परत द्यायची.

आणि फीसुद्धा परत मिळते, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच नियमात आहे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी सोडलं तर पूर्ण फी, वरखर्चाची थोडी रक्कम कापून. मग ९० टक्के, तारीख गेल्यावर पहिले १५ दिवस ८०, त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत ५०, आणि पुढे काही नाही. पैसे भरताना ती शेवटची तारीख लिहून घ्या.

मला बाबांनी ठरवून द्यायला नको होतं. पण "तुझं तू ठरव" म्हणून पेपर वाचत बसण्याऐवजी "का?" असं दोनदा तरी विचारायला हवं होतं. मी "मित्र जातोय" असं मोठ्यानं म्हटलं असतं तर मलाच ऐकू आलं असतं.

सुदामानगरकर

बाळा, तुझं हे वाचून अर्धा तास मी काहीच लिहिलं नाही.

आकडेवाला साहेब, पंक्चरवाल्याचा विनोद चांगला होता, मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, बायपासवर कंपन्या येतात, पण त्या बीटेकवाल्यांना घेतात की बीसीएवाल्यांना, ते विचारा. मी काउन्सलर मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, ओव्हरऑल प्लेसमेंट खूप छान आहे." दोनदा विचारलं, दोनदा ओव्हरऑल.

खडू_डस्टर सर, तुमचा मुद्दा मात्र लागला. सर गेले तर काय? मुलगी काल पुन्हा गेली, या वेळी एकटी, सिटी बसनं. मावशींनी म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा तासही बघून आली. सर तेच होते, मुलं सात होती. तास संपल्यावर तिनं त्यांनाच विचारलं, तुम्ही इथं किती वर्षं आहात. नऊ, म्हणाले. जाणार आहात का, असंही विचारलं! माझी हिंमत झाली नसती. ते हसले आणि म्हणाले, "दर वर्षी जून महिन्यात जायचं ठरवतो."

आकडेवाला

"दर वर्षी ठरवतो" हे उत्तर झालं? एकदा ठरेल की. ४२ आणि २८ हजारांत १४ हजारांचा फरक, तेवढ्यात खंडवा रोडवर जागा मोकळी, ग्राउंड आहे. कडी काय, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

मावशी_लोकमान्यनगर

कडी तीस रुपयांना मिळते हेच तर म्हणणं आहे! तीस रुपयांची कडी ज्यांना लावावीशी वाटली नाही, त्यांच्याकडे मुलगी तीन वर्षं ठेवायची? इथे मी मुलीच्या बाजूनं. खंडवा रोड माझ्या यादीतून बाद. तिनं बाथरूम बघितलं, बापानं नसतं बघितलं. एवढ्यापुरतं मान्य करते की मुलांना ते दिसतं जे आपल्याला दिसत नाही. निवड सोपवण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

जुना_होळकरी

सात मुलं. साठ जागांच्या कॉलेजात तासाला सात मुलं. बाकीची कुठे आहेत, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही?

खडू_डस्टर

होळकरी काका, हे सगळ्याच कॉलेजांचं दुखणं आहे, तुमच्या सरकारी कॉलेजातही जाऊन मोजा. बाकीची भंवरकुआवर कोचिंगला किंवा घरी. पण प्रश्न योग्य आहे. सातांत बसणाऱ्या मुलीचं चांगलं होतं, शिक्षक तिला नावानं ओळखतो. मात्र सात जणांसाठी संस्थाचालक किती दिवस पगार देणार, हाही हिशेब आहे. पहिल्या वर्षाला यंदा किती प्रवेश झाले ते विचारा. तुकडी फारच लहान असेल तर कोर्स बंद पडण्याची भीती असते, मग मुलांना दुसऱ्या कॉलेजात हलवतात. हलवतात तिथं बाथरूमला कडी असेलच असं नाही.

सुदामानगरकर

आज तिघंही गेलो, बायकोसुद्धा. तिनं टायरच्या दुकानापाशी उभं राहून वर बघितलं आणि काहीच बोलली नाही. हे लक्षण माझ्या अनुभवात चांगलंही असतं आणि वाईटही.

पहिल्या वर्षाला ३८ प्रवेश झालेत. एआयसीटीईच्या साइटवर कॉलेज सापडलं, जागा ६० बरोबर. मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर मिळाले. एक सांवेर रोडला एका कारखान्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं बघतो, एक एमसीए करतेय. दोघंही सरांबद्दल न विचारता बोलले. कोड २८ची यादी मागितली तर क्लार्क म्हणाला, प्राचार्य बाहेरगावी आहेत, सोमवारी देतो. बायको म्हणाली, "मग फी पण सोमवारी देतो." क्लार्कनं मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

मेहुणे घरी आले की मी बायपासचा ब्रोशर त्यांच्यापुढे ठेवतो. मुलगी हल्ली त्यावर चहाचा कप ठेवते.

मावशी_लोकमान्यनगर

सोमवारचं कळवा. मिसेसना माझा नमस्कार सांगा. आणि एक राहिलंच. तिसरा मजला, खाली टायरचं दुकान. सूरतला २०१९मध्ये कोचिंग क्लासला आग लागली तेव्हा मुलांनी वरून उड्या मारल्या होत्या, २२ गेली. या कॉलेजला दुसरा जिना आहे का?

सुदामानगरकर

हे मी बघितलंच नव्हतं. मुलीला विचारलं. म्हणाली, आहे, मागच्या बाजूला. त्यावर जुनी बाकं रचून ठेवलीत.

मावशी_लोकमान्यनगर

मग यादीच्या आधी ती बाकं.